अठरा पावलांची नोकरी

माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला नख नाही. खेळत होतो तेव्हा ते कितीतरी वेळा काळं पडून गळालं आणि परत आलं. शेवटच्या खेपेला गेलं ते मात्र आलंच नाही. डॉक्टर विचारतात, "हे कशानं झालं?" मी सांगतो, "नोकरीत गेलं." मग ते माझ्या कागदावर बघतात. तिथं लिहिलेलं असतं, निवृत्त स्टोअर क्लार्क.

खरी नोकरी वेगळी होती. उजव्या हातानं वेगात बॉल टाकणाऱ्या माणसाचं सगळं वजन शेवटच्या क्षणी डाव्या पायावर येतं. पाय आपटतो आणि जागच्या जागी थांबतो, पण बुटाच्या आतली बोटं थांबत नाहीत. ती पुढं सरकून टोकावर धडकतात. दिवसाला वीस षटकं टाकली तर एकशेवीस वेळा. यावर आमच्या धंद्यात एकच इलाज असतो, नव्या बुटाला अंगठ्याच्या जागी भोक पाडायचं. शहागंजातल्या एका मोच्याकडं मी पहिल्यांदा नवे कोरे बूट घेऊन गेलो आणि भोक पाडून दे म्हणालो. त्यानं बूट उलटेपालटे करून बघितले.

"नये है?"

"हो."

"चोरी के तो नै ना?"

"चोरीच्या बुटाला कुणी भोक पाडून घेतं का, चाचा?"

त्याला ते पटलं असावं. पण भोक पाडताना तो सारखा मान हलवत होता. बूट परत देताना म्हणाला, "पैर छोटा कर लेते तो सस्ता पडता." त्यानंतर पंधरासोळा वर्षं माझ्या प्रत्येक बुटाला त्यानंच भोक पाडलं, आणि दरवेळी तितक्याच दुःखानं.

या दिवाळी अंकाच्या संपादकांनी तुमच्या कामाबद्दल लिहा म्हटलं, तेव्हा मला आधी हे बूट आठवले. किती सामने, किती बळी ते आता मला नीट सांगता यायचं नाही. माणसं मात्र आठवतात.

आधी काम काय असतं ते सांगतो. वेगवान गोलंदाजाला लोक विचारतात, एवढं लांबून पळत कशाला येता, बॉल तर हातानंच टाकायचा. भरधाव निघालेल्या बैलगाडीचं चाक मोठ्या दगडावर अडकलं की गाडी थांबते, पण आतलं पोतं पुढं उडतं. आमचं तसंच आहे. पळणं म्हणजे गाडीचा वेग, डावा पाय म्हणजे दगड आणि बॉल म्हणजे पोतं. मला अठरा पावलं लागायची. सतरा पडली तर वेग यायचा नाही, एकोणीस पडली तर पाय रेषेच्या पुढं जाऊन नो-बॉल व्हायचा. बॉल टाकून झाला की वळून तेवढीच पावलं परत चालत जायचं. म्हणजे या नोकरीत पळण्यापेक्षा चालणंच जास्त. विचारही त्या चालण्यात होतो. पळताना काही सुचत नाही.

माझा जन्म शेंद्र्याचा, पोलीस ॲक्शननंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यातला, असं आई सांगायची. आता तिथं कारखान्यांची वसाहत झाली आहे. तेव्हा सगळा माळ होता आणि त्यावर आमची मेंढरं असायची. आम्ही धनगर. कळपातली एखादी मेंढी कुणाच्या शेताकडं निघाली की दगड मारून तिला वळवायचं, हे मी चालता येऊ लागल्यापासून शिकलो. दगड मेंढीला लागता कामा नये, तिच्या तोंडापुढं हातभर पडला पाहिजे. पन्नाससाठ पावलांवरून. कधी चुकून लागला तर आबा, म्हणजे माझे वडील, तोच दगड उचलून माझ्याकडं बघायचे. तेवढं बघणं पुरायचं.

शिकायला शहरात आलो, कॉलेजात गेलो. छावणीच्या मैदानावर क्रिकेट चालायचं, ते बघत उभा राहायचो. एके दिवशी सीमेबाहेर आलेला बॉल मी उचलला आणि परत फेकला. तो सरळ यष्टिरक्षकाच्या ग्लोव्हजमध्ये जाऊन बसला. मैदानाची मॅट सांभाळणारे वाहिदचाचा तिथंच उभे होते. गवताची खेळपट्टी आमच्याकडं नव्हती. कडक मुरमावर काथ्याची लांब मॅट अंथरून खिळ्यांनी ताणायची आणि त्यावर खेळायचं. ती ताणणं हे चाचांचं काम. निजामाच्या काळात साहेब लोकांना सरावासाठी बॉल टाकून टाकून त्यांची कंबर वाकली होती. ते माझ्याजवळ आले, माझा दंड दाबून बघितला, जसा आबा बाजारात मेंढ्याची मांडी दाबून बघायचे.

"किधर का है?"

"शेंद्र्याचा."

"कल आना. जूते पैन को आना."

पुढच्या महिन्याभरात मी त्या मैदानावरचा सगळ्यात वेगवान गोलंदाज झालो. कसं टाकायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं. मी पळत यायचो आणि टाकायचो, बस. बॅट्समन मागं सरकायचे. मला वाटलं, आपल्याला हे जन्मतःच येतं. मग पहिला खरा सामना आला आणि गोसावी सर भेटले.

गोसावी सर शाळेत भूमिती शिकवायचे आणि रविवारी पंचगिरी करायचे. अंगानं काडी, पण आवाज खणखणीत. ते बाजूच्या पंचाच्या जागी उभे होते. मी पहिला बॉल टाकला, त्यांनी हात आडवा करून पुकारलं, "नो-बॉल." मी पाय बघितला, रेषेच्या चांगला आत होता. दुसरा टाकला, "नो-बॉल." पाय आणखी मागं घेतला. "नो-बॉल." चौथ्यांदा तसंच झालं, तेव्हा कप्तानानं माझ्या हातातून बॉल काढून घेतला आणि मला लांब सीमेवर उभं केलं. मला काय चुकलं तेच कळेना.

सामना संपल्यावर सरांनी मला बोलावलं. जमिनीवर काडीनं एक वाकलेली रेघ काढली आणि तिच्याखाली एक सरळ.

"हात असा सरळ फिरला तर ती गोलंदाजी. कोपरात वाकून झटक्यात सरळ झाला तर ती फेक. फेकणं नियमात बसत नाही. तू फेकतोस."

"सर, मला दुसरं येतच नाय."

"मग शीक," सर म्हणाले. "नाहीतर प्रत्येक सामन्यात मी किंवा माझ्यासारखा कुणीतरी उभा असेलच."

मी मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन बसलो. पुन्हा मेंढरांकडं जावं असं मनात आलं. वाहिदचाचा मॅट गुंडाळत होते, ती अर्धवट टाकून ते माझ्याशेजारी येऊन बसले. "मास्टर झूट नै बोल रा, काशीमियां," ते म्हणाले. माझं नाव काशिनाथ, पण ते मला काशीमियांच म्हणायचे. "तेरा हाथ फत्तर वाला है. बोलिंग वाला बनाना पडता."

"कसा?"

"बांध को."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बांबूच्या दोन कामट्या आणल्या, माझ्या उजव्या हाताच्या खालून वरून लावल्या आणि जुन्या साफ्याच्या कापडानं दंडापासून मनगटापर्यंत करकचून बांधून टाकल्या. कोपर वाकायचा प्रश्नच उरला नाही. दोन महिने हे असंच ठेवायचं, फक्त आंघोळीला सोडायचं, आणि रोज असंच बांधलेल्या हातानं बॉल टाकायचा. आधी उभ्यानं, मग दोन पावलांवरून, मग चार.

सुट्टीला गावी गेलो तर गाव बघायला लोटलं. हात मोडलाय असंच सगळ्यांना वाटलं. मी सांगायचो, मोडला नाय, सरळ करायलाय. कुणी ऐकून घेईना. मामांनी परस्पर हाडवैद्य आणला. त्यानं कामट्या सोडल्या, हात खांद्यापासून बोटांपर्यंत चाचपला.

"हाड तर बेस हाय. कुठं दुखतंय?"

"कुठंच नाय."

"मग बांधलाय कशापायी?"

"सरळ व्हायला."

"सरळच हाय की रं."

त्यानं मामांना बाजूला नेलं आणि हलक्या आवाजात सांगितलं की हाताचं काही नाही, पोराच्या डोक्याचं बघा. आई मात्र काही विचारत नव्हती. उजवा हात तोंडाशी जाईना आणि डाव्या हातानं जेवलेलं तिला चालेना, म्हणून ती समोर बसून मला भाकरीचे घास भरवायची. "लगीन करायच्या वयाचा झाला अन् घास भरवून घेतोय," असं म्हणायची, पण तिला ते आवडत होतं. मलाही. तसं जेवण मी पुढं कुठल्याही हॉटेलात जेवलो नाही.

दोन महिन्यांनी कामट्या सुटल्या. हात हलका झाला होता आणि कोपर वाकायचं विसरलं होतं. पण वेग पार गेला होता. आधी सगळा जोर कोपराच्या झटक्यात होता, आता तो पाठीतून आणि पायांतून आणायचा होता. मग आम्ही पावलं वाढवत गेलो. बारा, चौदा, सोळा. अठराव्या पावलावर एक दिवस बॉल मॅटवर पडून असा उसळला, की चाचा हातातला हातोडा खाली ठेवून बघत राहिले. म्हणाले, "बस. अब एक कदम भी जास्ती नक्को."

त्यानंतरच्या सामन्यात गोसावी सरच पंच होते. मी आदल्या दिवशी त्यांच्या घरी गेलो होतो. म्हटलं, सर, एकदा हात बघा. ते म्हणाले, "घरात बघून काय उपयोग? उद्या बघीन."

मी पहिला बॉल टाकला आणि कान तिकडं लावले. आवाज आला नाही. दुसरा टाकला, नाही. तिसऱ्यानंतर सर आपली जागा सोडून चालत पलीकडच्या बाजूला गेले. नियमात ते बसतं, पंचाला दुसऱ्या बाजूनं हात बघता येतो. तिकडून त्यांनी तीन बॉल वाकून वाकून बघितले. षटक संपलं, सर परत आपल्या जागेवर आले आणि टोपी नीट केली. पंच काही बोलला नाही, ही माझ्या आयुष्यातली पहिली मोठी दाद. त्या दिवशी मी सहा गडी बाद केले. पण मला आठवतं ते सर जाताना म्हणाले ते. "काशिनाथ, तुला चार नो-बॉल दिले त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. आज जाईल."

त्या सामन्यामुळं मला नोकरी लागली. स्टेशनकडं एक नवा कारखाना उभा राहिला होता आणि तिथल्या एका साहेबांना, परांजपे त्यांचं नाव, कारखान्याचा क्रिकेट संघ उभा करायचा होता. ते स्वतःच कप्तान होते. मुलाखतीला आम्ही बाराजण होतो. मला आत बोलावलं.

"टायपिंग येतं?"

"नाय."

"इंग्रजी पत्र लिहिता येतं?"

"थोडं."

"यॉर्कर?"

यॉर्कर म्हणजे बॅट्समनच्या थेट पायाच्या बोटांपाशी पडणारा बॉल. मेंढीच्या तोंडापुढं हातभर, तोच हिशोब. मी म्हणालो, "पाहिजे तेव्हा."

"सोमवारपासून या."

सकाळी स्टोअरमध्ये नट-बोल्ट द्यायचे आणि दुपारनंतर मैदानावर जायचं, असं माझं काम ठरलं. दोनतीन वर्षांनी राज्याच्या संघातही निवड झाली. लग्न झालं. बायकोला, शांताला, क्रिकेटमधलं काही कळत नव्हतं, पण धुण्यातून तिला सगळं कळू लागलं. बॉलची एक बाजू चकचकीत राहावी म्हणून गोलंदाज तो मांडीवर सारखा घासतो. त्यामुळं पांढऱ्या पँटवर लाल डाग पडतो. शांता पँट हातात धरून डाग बघायची. "आज लई टाकलेलं दिसतंय." किंवा, "आज लौकर काढलं व्हय तुमाला?" ती कधी चुकली नाही.

आबा माझा सामना बघायला आयुष्यात एकदाच आले. राज्याचा सामना आमच्याच शहरात होता आणि मी त्यांना बसनं यायला सांगितलं होतं. ते आले, काठी आणि खांद्यावर काळी घोंगडी घेऊन. मैदानावर सगळीकडं माणसं बसलेली. एकच जागा मोकळी दिसली, तिथं घोंगडी पसरून ते बसले. ती जागा साइटस्क्रीनच्या बरोबर पुढं होती. साइटस्क्रीन म्हणजे गोलंदाजाच्या मागं सीमेवर उभा केलेला मोठा पांढरा पडदा. त्यावर बॅट्समनला लाल बॉल स्पष्ट दिसतो. तिथं काळं काही आलं की बॉल हरवतो.

मी निम्मा पळत आलो आणि बॅट्समननं हात वर केला. मी थांबलो. मागं बघतो तर आबा उठून उभे राहिलेले आणि त्यांनीही हात वर केलेला. कुणीतरी शहरातला माणूस एवढ्या लांबून रामराम करतोय म्हटल्यावर न करून कसं चालेल. सगळं मैदान हसायला लागलं. पंच चालत तिकडं गेले, मीही मागून गेलो.

"बाबा, जरा बाजूला बसा. तुम्ही मध्ये येताय."

"कुनाच्या मधी?" आबांनी चारी बाजूंना बघितलं. "एवढं रान मोकळं पडलंय."

मी म्हटलं, "आबा, त्याला बॉल दिसत नाय."

आबांनी क्षणभर विचार केला आणि मला बाजूला घेतलं. "मग चांगलंच हाय की. टाक लवकर."

मी पंचांकडं बघायचं टाळलं. आबांना झाडाखाली नेऊन बसवलं. संध्याकाळी त्यांना बसवर सोडायला गेलो तेव्हा विचारलं, कसं वाटलं. ते म्हणाले, "दिसभर तू पळतोस अन् त्यो मानूस जागचा हलत नाय. अन् परत तू त्यालाच टाकतोस." मग बसमध्ये चढायला घोंगडी माझ्या हातात देत, "पर तुझा हात लई सरळ पडतोय. बघत ऱ्हावंसं वाटतं." बस सुटेपर्यंत त्यांची घोंगडी माझ्याच हातात राहिली आणि मग बसच्या मागं पळत जाऊन ती खिडकीतून द्यावी लागली.

आता एक गोष्ट सांगायची राहिली. ती आधी नको वाटत होती, पण तिच्याशिवाय हे लिहिणं खरं होणार नाही.

कारखान्यांच्या संघांची एक स्पर्धा दरवर्षी व्हायची. एका वर्षी नागपूरचा एक संघ आला होता. त्यांचा सलामीचा बॅट्समन अरविंद म्हणून, माझ्याच वयाचा. त्यानं मला पाठोपाठ दोन चौकार मारले. मी परत चालत जाताना ठरवलं, बाउन्सर. बाउन्सर म्हणजे अर्ध्यावर आपटून डोक्याएवढा उसळणारा बॉल. बॅट्समननं पुढं येऊ नये, दबून राहावं, म्हणून तो टाकतात. कुणाला इजा व्हावी म्हणून नाही, असं आम्ही सगळे म्हणतो. त्या काळी हेल्मेट नव्हतं, कापडाची टोपी असायची.

बॉल त्याच्या गालावर बसला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला. तो खाली बसला, मग आडवा झाला. सगळे धावले. मी एकटा जागच्या जागी उभा राहिलो. माझा हात मात्र अजून सरळ होता, बॉल सोडल्यानंतर असतो तसा.

गालाचं हाड आणि जबडा, दोन्ही मोडलं होतं. तीन दिवस माझी दवाखान्यात जायची हिंमत झाली नाही. चौथ्या दिवशी शांता म्हणाली, "चला, मी येते संगं." खाटेशेजारी त्याची बायको बसली होती. ती नागपूरहून आली होती, लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

"तुम्ही कोण?" तिनं विचारलं.

"मी काशिनाथ. बॉल माझा होता."

अरविंदचा जबडा तारेनं बांधलेला होता, बोलता येत नव्हतं. त्यानं उशाखालची पाटी काढली आणि माझ्यापुढं धरली. त्यावर आधीच लिहिलेलं होतं, "बॉल चांगला होता. मीच मान वळवली."

"येईल त्याले हेच दाखवून राहिले," त्याची बायको म्हणाली, आणि तिला रडू आलं. शांता तिच्याजवळ जाऊन बसली. मी उभाच होतो. अरविंदनं पाटी पुसली आणि लिहिलं, "बसा."

त्यानंतर मला बाउन्सर टाकता येईना. पळत यायचो, ठरवून यायचो, आणि शेवटच्या क्षणी हात आपोआप बॉल पुढं टाकायचा. वेग तोच, पण हा डोक्याकडं टाकत नाही हे बॅट्समनना कळायला वेळ लागत नाही. ते बिनधास्त पुढं येऊन मारायला लागले. परांजपे साहेबांनी विचारलं, "काशिनाथ, तुझा बाउन्सर कुठं गेला?" मी सांगितलं, खांदा दुखतोय. राज्याच्या संघातून त्या वर्षी मला वगळलं.

वाहिदचाचा तेव्हा फार थकले होते, पण मैदानावर यायचे. त्यांनी मला खाली बसवलं आणि खांदा बघू म्हणत ते मागून दाबायला लागले.

"यां दुखता?"

"हो."

"यां?"

"हो, तिथंच."

"मियां, ये तो गर्दन है. खांदा उधर है."

मी मान खाली घातली. चाचा समोर येऊन बसले. म्हणाले, "वो आदमी फिर खेलने कू आयेंगा. तू उसकू आधी-अधूरी बोलिंग डालेंगा, तो वो बी समजेंगा के मैं आधाच रै गया. उसका गाल तोडा सो तोडा, अब दिल नक्को तोड."

मला ते पटलं, पण पटलं म्हणून हात ऐकतो असं नाही.

पुढच्या वर्षी स्पर्धा नागपुरात होती. अरविंद खेळायला उतरला. गालावर खड्डा पडला होता आणि डोक्यावर तीच कापडाची टोपी. माझं पहिलं षटक त्याच्यासमोरच आलं. मी चार बॉल त्याच्या पायांवर टाकले, हलके, मारायला सोपे. त्यानं चारही मारले. पण प्रत्येक बॉलनंतर त्याचा चेहरा पडत गेला. चौथ्यानंतर तो खेळपट्टीवरून चालत थेट माझ्याकडं आला.

"काय करून राहिला तू?"

"कुठं काय?"

"मले काय पाहुणा समजला का? वर्षभर रोज सकाळी उठून मी त्या एका बॉलसाठी सराव केला. घरचे नको म्हणून राहिले, बायको नको म्हणून राहिली. अन् तू मले हे लाडू वाटून राहिला."

"मला टाकता येत नाय रे," मी म्हणालो. एवढ्या महिन्यांत मी हे पहिल्यांदाच कुणाला तरी खरं सांगितलं होतं.

त्याचा राग एकदम उतरला. तो हळू आवाजात म्हणाला, "येते. अन् मलेही खेळता येते. टाकून पाह्य एकदा. आपण दोघंही मोकळे होऊ."

मी वळलो. अठरा पावलं चालत गेलो. त्या चालण्यात काही विचार केला असेल तर आता आठवत नाही. पळत आलो, पाय आपटला आणि माझ्याजवळ होता नव्हता तेवढ्या जोरानं बॉल मध्यावर आपटला. तो उसळला, थेट त्याच्या चेहऱ्याकडं निघाला. अरविंदनं मान वळवली नाही. तो टाचेवर फिरला आणि नाकासमोरून बॉल उचलून मारला. बॉल वर गेला, सीमेवरून गेला, तंबूच्या मागं एक कडुनिंब होता त्याच्याही वरून गेला.

मी टाळ्या वाजवत होतो. परांजपे साहेब धावत आले.

"वेडा झालास का? तुझ्या बॉलवर सिक्स बसलीय."

"हो साहेब."

"मग टाळ्या कसल्या वाजवतोस?"

"खांदा बरा झाला, साहेब," मी म्हणालो.

षटकाचा शेवटचा बॉलही मी तसाच टाकला, आधीच्यापेक्षा वेगात. या खेपेला तो खाली वाकला, बॉल टोपीवरून सणसणत गेला, आणि उठताना त्यानं माझ्याकडं बघून मान डोलावली. त्या दिवशी त्यानं शतक केलं. आम्ही सामना हरलो. मला एकही बळी मिळाला नाही. दिवसभर मी जीव तोडून टाकत होतो आणि वर्षभरानं पहिल्यांदा मला खेळायला मजा येत होती.

संध्याकाळी तंबूपाशी त्याची बायको भेटली. कडेवर चारपाच महिन्यांची मुलगी होती. मी कसाबसा नमस्कार केला. तिनं मुलगी दुसऱ्या कडेवर घेतली आणि म्हणाली, "तुम्ही धावत यायला लागलात, तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते. आवाज आला, लोक ओरडले, तरी उघडले नाहीत. मागून कुणी म्हणालं सिक्स, तेव्हा उघडले. मले दिसलाच नाही तो. कुठं गेला होता बॉल?"

"या बाजूला या, इथून दिसेल," मी म्हणालो. तिला तंबूच्या मागं घेऊन गेलो, हात लांब केला आणि कडुनिंबाच्या सगळ्यात वरच्या फांदीच्याही वर, बॉल कुठून गेला ते तिला दाखवलं.